धाकट्याचं दार

१

त्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. सायकलची घंटा आधी ऐकू यायची आणि सायकल मागाहून दिसायची. दोरीवरचे कपडे तीन दिवस झाले तरी ओलेच होते, आणि आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांच्याकडे बघणंच सोडून दिलं होतं. मी डबा पिशवीत टाकून निघालो तर शेजारच्या बाई त्यांच्या दारात उभ्या.

"भाऊ, कानाला काहीतरी बांधा."

"आमच्या हॉलला हवामान नसतं बाई. तिथे बारा महिने एकच महिना."

"बरं. माझ्या पोराचं कसं चाललंय ते बघून या."

हे त्या रोज म्हणायच्या. जसा काही मी त्याला भेटायलाच निघालोय. एका अर्थी तसंच होतं म्हणा. बाईंचा मुलगा पाच महिने वर होता, अवकाश स्थानकात, आणखी दोघांबरोबर. आणि मी ज्या हॉलमध्ये फिटर आहे तिथे त्या स्थानकाचं जुळं ठेवलंय. तेवढंच लांब, तेवढंच रुंद, तीच कपाटं, त्याच मुठी, त्याच पट्ट्या. वरचं सगळं धातूचं आणि आमचं बरंचसं प्लायवूडचं, एवढाच फरक. वर काही अडलं की शिकलेली मंडळी आमच्याकडच्या जुळ्यात शिरतात आणि हात कुठे पोचतो, कुठे नाही, ते बघतात. म्हणून वर जे जिथे असेल ते खाली तिथेच असावं लागतं. वरच्याला आम्ही थोरलं म्हणतो, खालच्याला धाकटं.

रोज सकाळी वरून यादी येते. अमकी पिशवी या भिंतीवरून त्या भिंतीवर, तमकी नळी सोडली, डबा रिकामा केला. यादीवाली ताई वाचते, मी हलवतो. नियम एकच. आधी थोरलं हलणार, मग धाकटं. उलटं कधीच नाही.

धाकट्याच्या एका टोकाला गोल दार आहे, मध्ये ताटलीएवढी काच असलेलं. वर त्या दारापलीकडे परतीचं यान जोडलेलं असतं. आमच्याकडे पलीकडे काही नाही. माणूस अंग चोरून उभा राहील एवढी फट, आणि मग हॉलची भिंत. ते दार मी रोज एकदा आतून उघडायचो आणि आतूनच लावायचो. उघडं राहिलं की प्लायवूडला बाक येतो.

त्या दिवशी दार उघडेना. मूठ फिरली, पण दाराने चौकट सोडली नाही. मी शीतगृहांची दारं बसवण्यात उभा जन्म घालवलाय. दाराशी भांडायचं नसतं, एवढं मला कळतं. म्हटलं धुकं आहे, लाकूड फुगलं असेल, दोन दिवसांनी उतरेल. सोडून दिलं.

हॉलला हवामान नसतं हे तासाभरापूर्वी मीच बोललो होतो, ते ध्यानात आलं नाही.

२

दुसऱ्या दिवशी यादीवाली ताई वाचत होती.

"मामा, टॉर्च तिसऱ्या हुकावर."

"तिथेच आहे ती."

"कशी असेल? काल दुसऱ्या हुकावर होती. मीच वाचलं."

मी जाऊन बघितलं. तिसऱ्यावरच होती. आदल्या दिवशी हूक चुकला असणार माझा. चष्म्याचा नंबर वाढलाय. दिवाळखोर डोळे, असं आमच्या घरच्या म्हणतात.

"माझी चूक झाली ताई, काल."

"मग तुमची चूक आज बरोबर निघाली. असं नशीब मला परीक्षेत पाहिजे होतं."

आम्ही दोघंही हसलो. मग तिने यादीचं पान उलटलं आणि तिचा आवाज खाली आला.

"शेवटचं. परतीचं दार. उघडत नाहीये. मूठ फिरते, दार चौकट सोडत नाही."

"कधीपासून?"

"काल दुपारपासून."

धाकट्याचं काल सकाळी अडलं होतं. मी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "ते प्लायवूड आहे मामा."

"हो. प्लायवूडच आहे."

तेव्हा मला पुरतं माहीत नव्हतं ते तिने मग सांगितलं. थोरलं आता म्हातारं झालंय. त्याच्या एका खोलीतून हवा गळत होती. तिघांनी ती खोली बंद केली होती आणि त्यांचं परत येणं अलीकडे ओढलं होतं. आठ दिवसांत निघायचं ठरलेलं. यायची वाट एकच, ते दार. दुसरं यान पाठवायला दोन महिने लागतात आणि तेवढी हवा वर नव्हती.

"बाईंना सांगू नका," ती म्हणाली. तिला ठाऊक होतं मी कोणाचा शेजारी ते.

३

सांगायची वेळच आली नाही. मी घरी पोचलो तर बाई आमच्या स्वयंपाकघरात बसलेल्या, समोर चहा गार झालेला. आमच्या घरच्या ओट्याशी टेकून उभ्या, आणि त्या गप्प असल्या की समजावं काहीतरी मोठं आहे.

"त्याचा फोन आला होता," बाई म्हणाल्या. "हसत होता. म्हणाला, आई, दार जरा कडक झालंय. भाऊ, मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. पोरगं कधी हसून खोटं बोलतं ते मला कळतं."

मी चपला काढून समोर बसलो.

"तुम्ही दारांचं काम केलंय. खरं सांगा. उघडेल?"

"माणसाने बसवलेलं दार आहे बाई. माणसाने बसवलेलं दार उघडतं. वेळ लागतो, पण उघडतं."

हे मी धीर द्यायला बोललो नाही. मला तसं वाटतच होतं, आणि आजही वाटतं.

बाईंची आणि आमची भिंत एकच. तो लहान होता तेव्हा त्याच्या सायकलची चेन उतरली की तो भिंतीवर ठोकायचा. दोनदा, मग थांबून एकदा. की मी उठायचो. चेन कशी बसवायची ते त्याला दहादा शिकवलं, तरी ठोकायचाच. बाई रागवायच्या, "स्वतः कर की." तो म्हणायचा, "काका आले की ती आपोआप बसते."

पुढचे चार दिवस हॉलमध्ये शिकलेल्या मंडळींची रीघ होती. पायात पांढरे मोजे घालून धाकट्यात शिरायची, दाराची मूठ ओढायची, मापं घ्यायची. धाकट्याचं दारही हलेना. एक साहेब म्हणाले, खालचं दमटपणाने अडलंय, वरचं दुसऱ्या कशाने, दोन्हींचा संबंध नाही. मला ते पटलं. शिकलेला माणूस बोलत होता, आणि दुसरं काय असणार?

फक्त एक गोष्ट होती. ही मंडळी जेवायला गेली की धाकट्यात मी एकटा उरायचो, आणि एकटा आहे असं वाटायचं नाही. घरात कोणी निजलेलं असलं की घराचा आवाज बदलतो, तसं. धाकट्याचे पंखे बंद असतात, वीज वाचवायला. तरी एक बारीक घरघर कानाला लागायची. मी पंख्यावर हात ठेवला. पातं उभं होतं. घरघर चालूच.

म्हातारे कान, म्हटलं.

४

सहाव्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी ठरवलं की आतून पुरे झालं, आता बाहेरून बघू. शीतगृहाचं दार अडलं की नवखा माणूस मुठीकडे जोर लावतो. मुठीकडे कधीच काही नसतं. रबर चिकटतं ते बिजागरीकडे. तिथे तळहात ठेवायचा, हळू दाबायचं आणि थांबायचं. दाराला आपल्या हाताची ऊब कळेपर्यंत थांबायचं. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं याला हसायची. पण दारं उघडायची.

खिशात माझी चार फडकी होती. पिवळी, कडेला लाल दोऱ्याची शिवण. आमच्या घरच्या शिवून देतात, म्हणजे भांडारातल्यांत मिसळत नाहीत. आत जाताना चार, बाहेर येताना चार, असा आमचा नियम. धाकट्यात एक चिंधी जास्त राहिली तरी ते थोरल्यासारखं राहत नाही.

मी अंग चोरून फटीत शिरलो. पाठीला हॉलची भिंत, नाकासमोर दार. अंधार होता म्हणून टॉर्च लावली. लोखंडाचा आणि धुळीचा वास. तळहात बिजागरीवर ठेवला. थंड होतं ते. दमट थंड नाही, शीतगृहात आत बसवलेलं दार असतं तसं, कोरडं. प्लायवूड असं थंड होत नाही. मी हात काढला नाही.

तेवढ्यात आतून ठोकल्याचा आवाज आला. दोनदा. मग थांबून एकदा.

आधी मी कारणं शोधली. पाण्याचा पाइप. जेवणाच्या खोलीत कोणी भांडी ठेवली. कोणी मंडळींपैकी लवकर परत आलं आणि माझी गंमत करतंय. शेवटचं कारण मला बरं वाटलं, म्हणून मी ते धरून ठेवलं. काच धुळीने माखली होती. कोण आहे ते बघावं म्हणून एका फडक्याने पुसली.

आत ट्यूबलाइट लावून आलो होतो मी. आतला उजेड तसा नव्हता. पिवळट आणि एकाच बाजूने येणारा. आणि काचेच्या अगदी पलीकडे एक पायमोजा होता. पायात घातलेला. टाच वर, बोटं खाली, जमिनीला न टेकलेला, आणि हळूहळू फिरत होता, दोरीला टांगलेलं काही फिरावं तसा. पण दोरी नव्हती. मग तो बाजूला सरकला आणि त्याच्या जागी कपाळ आलं. दाढी वाढलेली हनुवटी वरच्या अंगाला होती.

मी डोळे मिटले. माझं वय झालंय, उपाशीपोटी काम करत होतो, मान वाकडी करून उभा होतो. असं होतं. पण तळहात बिजागरीवरच ठेवला, दाबला आणि थांबलो. किती वेळ ते सांगता यायचं नाही. मनात एवढंच म्हणत होतो, ओढू नको बाळा, मूठ ओढू नको, सोड ती.

रबराने चौकट सोडताना एक उसासा टाकला. तो आवाज मी हजारदा ऐकलाय. दार आत गेलं. फटीतून थंड हवेची झुळूक माझ्या तोंडावर आली आणि मागोमाग बंद खोलीत पाच महिने राहिलेल्या माणसांचा वास.

धाकटं रिकामं होतं. ट्यूबलाइट लागलेली होती. फडकी मोजली. चार.

५

जेवून परतलेली यादीवाली ताई धावतच आली.

"मामा, वर दार उघडलं. बिजागरीकडून सुटलं म्हणे, आपणहून. कोणी हातसुद्धा लावला नव्हता, नुकतीच मूठ सोडली होती." मग तिची नजर धाकट्याच्या दाराकडे गेली. "हे कधी उघडलं?"

"आत्ताच. जरा बाहेरून दाबलं."

"यादीच्या आधी?"

"यादीच्या आधी," मी म्हणालो. "चुकलंच."

तिने कागदावर काही लिहिलं नाही.

संध्याकाळी बाईंनी गल्लीत सगळ्यांना साखर वाटली. मला दोन मुठी. मी त्यांना ठोकल्याचं, मोज्याचं काही सांगितलं नाही. ज्याचं मला स्वतःलाच काही ठाऊक नाही ते दुसऱ्याच्या डोक्यात कशाला घालायचं?

आठव्या दिवशी तिघे निघाले. दुपारची वेळ होती. शिकलेली मंडळी दुसऱ्या इमारतीत पडद्यासमोर बसली होती. हॉलमध्ये आम्ही दोघंच. ताईने कानाला यंत्र लावलं होतं आणि ती एकेक सांगत होती. दिवे मंद केले, मी मंद केले. पिशव्यांच्या पट्ट्या आवळल्या, मी आवळल्या. पिशव्या, नळ्या, कपाटं, सगळं जिथल्या तिथे. इतकं नीट धाकटं मी कधी लावलं नव्हतं.

"आता शेवटचं मामा. तिघे यानात गेले. दार बंद."

मी दार लावलं. रोजच्यासारखं, आतून. मूठ फिरवली. माझ्या श्वासाने काचेवर वाफ धरली होती, म्हणून पुसली. हात सवयीचे असतात.

काचेपलीकडे भिंत दिसायला हवी होती, दीड हातावर. भिंत दिसली नाही. काळोख होता, आणि तो जवळचा काळोख नव्हता. त्यात एक उजेड होता, वाटीएवढा. मला वाटलं फटीत कोणी टॉर्च घेऊन शिरलंय. मी बघत राहिलो. उजेड लिंबाएवढा झाला. मग मणी झाला. फट दीड हाताची. तो उजेड इतका लांब जायला जागा कुठून आली असेल, याचा मी शांतपणे विचार केला. मणी विझला.

"मामा," बाहेरून ताईने हाक मारली. "झालं. सुटले ते. या आता."

धाकट्याला मागच्या बाजूने कापून दरवाजा केलाय, त्याला तीन पायऱ्या. मी त्या उतरून आलो. हात धुतले, चहा घेतला, घरी गेलो. तिघे उतरले, सुखरूप, हे कळायला अंधार पडला होता. बाई त्यांच्या दारापुढच्या ओट्यावर बसून रडत होत्या आणि आमच्या घरच्या त्यांना म्हणत होत्या की आता रडायचं काय राहिलंय.

खिशातली फडकी मी तेव्हा मोजली. तीन होती.

आणि एक गोष्ट निजताना डोक्यात आली. थोरल्याला त्या तीन पायऱ्या नाहीत.

६

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच धाकट्यात जाऊन शोधलं. फटीत शोधलं. फडकं नव्हतं. पडलं असेल वाटेत.

"यादी आहे आज?" मी ताईला विचारलं. वर कोणी नाही तर यादी कसली, असं मला वाटत होतं.

"वरचे कॅमेरे चालू आहेत अजून. एकच ओळ आहे." तिने कागद माझ्यापुढे धरला. मला वाचता येतं हे तिला ठाऊक झालं होतं. साठीनंतर बाईंनीच शिकवलं, पाटी घेऊन, रोज एक अक्षर. मी बोट ठेवून वाचलं. कापड, पिवळं, एक. दाराजवळ, आतल्या बाजूला.

"पोरांचंच काहीतरी राहिलं असणार," ती म्हणाली. "तुमच्यातलं एक अडकवून टाका तिथे."

"कडेला शिवण आहे का त्याच्या? दिसतंय का?"

"एवढं स्पष्ट नाही दिसत मामा." मग ती म्हणाली, "आणि ते हलत असतं. तरंगतं ना सगळं तिथे."

मी माझं एक फडकं दाराजवळच्या पट्टीत अडकवलं. ते हलत नव्हतं.

मग ती पुढच्या गोष्टी सांगत बसली. महिनाभराने थोरल्याला खाली आणतील, भर समुद्रात, जिथे जहाजंही जात नाहीत. आता नवी स्थानकं होणार, एक नाही, चार-पाच. लहान, हलकी, कोणाची कोणाची. काहींत तर माणसं दोन-दोन वर्षं राहतील. त्यांचीही धाकटी भावंडं लागतील. "दारं तुम्हीच बसवायची," ती म्हणाली. "तुमच्याशिवाय कोण?"

"बसवू की," मी म्हणालो. हात शाबूत आहेत, कामाला नाही कशाला म्हणायचं?

ती गेल्यावर मी दारापाशी गेलो. काचेवर आतून वाफ धरली होती. मी अजून दोन पावलं लांब होतो.

तिघे उतरल्याच्या चौथ्या दिवशी पुन्हा धुकं पडलं. मी डबा घेऊन निघालो तर बाई दारात उभ्या. मुलगा अजून इस्पितळात होता, अंगात ताकद यायला वेळ लागतो म्हणे. त्याचा फोन येऊन गेला होता. बाईंनी कानाला काही बांधा म्हटलं नाही. माझा हात हातात घेऊन बघितला, चिमटीत धरून, जसं काही ताप आहे का ते बघतात.

"बरा आहे ना तो?" मी विचारलं.

"खातो, पितो. निजत नाही." बाई हळू बोलत होत्या, वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जाऊ नये तशा. "दार कोणी उघडलं ते त्याला माहीत आहे, भाऊ. त्याचं काही नाही. पण यान सुटलं तेव्हा त्याने मागे वळून दाराच्या काचेत बघितलं. मी त्याला सांगितलं, अरे, ते इथेच आहेत, शेजारी, आज सकाळीच त्यांचा खोकला ऐकला. पण ऐकत नाही. रडतो आणि सारखं एकच विचारतो. आई, आमच्यामागे दार लावून काका तिथेच का थांबले?"